दिव्यामागचा अंधार

शहरात मोटार चालवताना आपल्या दिव्यांचा उजेड नेमका किती पडतो, हे सहसा कळत नाही. रस्त्यावरचे खांब, दुकानांच्या पाट्या आणि मागेपुढे धावणारी वाहने यांचा इतका प्रकाश असतो, की स्वतःचे दिवे लावायचे राहून गेले तरी काही वेळ चालकाच्या ध्यानात येत नाही. खोपोली मागे टाकून मोटार बोरघाटात शिरते, किंवा पोलादपूर सोडून कशेडीकडे वळते, पाऊस सुरू होतो, ओले डांबर सारा प्रकाश गिळून टाकते आणि मग एकाएकी जाणवते, की समोर उजेड असा काही नाहीच. चालक ‘अप्पर’ देतो. तरीही कडेचा पांढरा पट्टा जेमतेम दिसतो.

दुसऱ्या दिवशी मोटार गॅरेजमध्ये जाते आणि तेथे बहुधा एकच इलाज होतो. ६०/५५ वॅटचा बल्ब काढून त्या जागी १००/९० वॅटचा बसवला जातो. पहिले काही दिवस मालक खूश असतो. पुढे केव्हातरी एक दिवा बंद पडतो. बल्ब काढायला जावे, तर त्याच्या पाठीमागचा प्लास्टिकचा कपलर तपकिरी पडून वितळलेला आढळतो. मग कपलर बदलला जातो. दिवा मुळात मंद का झाला होता, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

मोटारीचा दिवा मंद होतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतो. काच पिवळी पडली असेल किंवा आतला परावर्तक काळवंडला असेल तर गोष्ट वेगळी. ते दोष डोळ्यांना दिसतात. पण काच स्वच्छ, बल्ब नवा आणि तरीही उजेड पिवळसर, मरगळलेला असेल, तर बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून पुन्हा बॅटरीपर्यंतच्या वाटेत कोठेतरी वीज गळते आहे, असे समजावे. गळते म्हणजे बाहेर सांडत नाही. वाटेतल्या एखाद्या खराब जोडावर तिची उष्णता होते. जो उजेड रस्त्यावर पडायचा, तो वायरीच्या सांध्यात ऊब होऊन बसतो.

व्होल्टचा हिशेब

आजच्या बहुतेक मोटारींची विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात पूर्ण भारित आणि स्वस्थ बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना अल्टरनेटर तिला साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्टने भारित करत असतो. हॅलोजन बल्बची प्रमाणित प्रकाशक्षमता मोजली जाते ती १३.२ व्होल्टवर. म्हणजे वायरिंगमध्ये थोडीफार घट होणारच, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था आखलेली आहे.

अडचण अशी, की तारेच्या बल्बचा प्रकाश विद्युतदाबाच्या प्रमाणात कमी होत नाही. तो त्याहून फार झपाट्याने उतरतो. विद्युतदाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. १३.२ ऐवजी १२.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे केवळ एक व्होल्ट वाटेत हरवला, तरी जवळजवळ पाव उजेड नाहीसा होतो. दोन व्होल्ट हरवले, तर चाळीस टक्क्यांहून अधिक. एखाद्या जुन्या मोटारीत दोन व्होल्ट हरवणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही.

हे व्होल्ट हरवायला फार मोठा दोष लागत नाही. समोरचे दोन्ही दिवे मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. या प्रवाहाच्या वाटेत एक दशांश ओहमइतका क्षुल्लक रोध निर्माण झाला, की तेथे एक व्होल्ट खर्ची पडतो. सैल झालेला कपलर, स्विचमधला काळवंडलेला संपर्क, बोल्टखालचा गंज यांपैकी कोणीही एवढा रोध सहज उभा करतो. त्याच ठिकाणी १० वॅट उष्णताही निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे लक्षात घेतले, तर नखाएवढ्या सांध्यात १० वॅट उष्णता सतत साठत राहिल्यास प्लास्टिकचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आता १००/९० वॅटच्या बल्बचे पाहा. अप्परवर प्रवाह दीडपटीहून अधिक वाढतो. परंतु सांध्यावरची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पावणेतीनपटीवर जाते. वाटेत हरवणारे व्होल्टही प्रवाहाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे मोठा बल्ब बसवून पदरात पडतो तो थोडासा जादा उजेड आणि पुष्कळशी उष्णता. एच-४ या प्रमाणित प्रकारात बल्बची क्षमता ६०/५५ वॅट ठरलेली आहे. १००/९० हा बाजाराने घातलेला प्रकार. समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर त्याचा काय परिणाम होतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल.

जुन्या मोटारींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असे. अॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या पिढीत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधून आणि नंतर डिपरमधून फिरून पुढे जात असे. बॅटरी बॉनेटखाली, दिवे तिच्यापासून हातभर अंतरावर; पण वीज मात्र चालकाच्या पुढ्यात येऊन, दोन स्विचांतून वळसा घालून परत जायची. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण १७ मिलिओहम असतो. अशा चार मीटर वायरीतून १० अँपिअर वाहू लागले, की सगळे जोड नवेकोरे असतानाही पाऊण व्होल्टच्या आसपास घट झालेली असते. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून पद्मिनी निवृत्त झाली. तिचे पिवळसर दिवे ज्यांना आठवतात, त्यांनी त्याचे खापर केवळ काचेवर फोडू नये.

यावरचा उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेवर चालणारा स्विच आहे. डॅशबोर्डवरच्या बटणातून केवळ त्याच्या वेटोळ्याला पुरेल एवढा, अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. दिव्यांचा खरा प्रवाह बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे जवळच्या वाटेने थेट दिव्यांकडे जातो. जुन्या मोटारीत रिले आणि योग्य जाडीची वायर बसवून घेतली, की त्याच ६०/५५ च्या बल्बचा उजेड पाहून मालक चकित होतो. हे काम करणारा कारागीर मात्र नेटका हवा. रिले बसवून वायर पूर्वीसारखीच मुरड मारून, काळी टेप गुंडाळून जोडली, तर एका रोगाच्या जागी दुसरा आणल्यासारखे होते.

अर्थाचा अनर्थ

वीज दिव्यापर्यंत पोहोचली म्हणजे काम संपले, असा समज पुष्कळ कारागिरांचाही असतो. वस्तुतः तिला परत बॅटरीपर्यंत जावे लागते, आणि मोटारीत ही परतीची वाट म्हणजे बॉडीचा पत्रा. बॅटरीचे निगेटिव्ह टोक जाड पट्टीने बॉडीला जोडलेले असते. प्रत्येक दिव्याची एक छोटी वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने कसलेली असते. गॅरेजच्या भाषेत हीच ‘अर्थ’ आणि ‘अर्थ मिळत नाही’ ही तिथली नेहमीची तक्रार.

ही वायर सहसा तुटत नाही. तिच्या टोकाची कडी आणि पत्रा यांच्यामध्ये गंजाचा पातळ थर येतो. कधी हा थर माणूसच चढवतो. किरकोळ अपघातानंतर मोटार डेंटिंग-पेंटिंगला जाते, पत्रा सरळ होतो, रंग चढतो आणि कारागीर अर्थची कडी त्या ताज्या रंगावरच कसून टाकतो. रंग हा उत्तम विद्युतरोधक आहे. मोटार चकचकीत होऊन घरी येते आणि तिचा एक दिवा त्या दिवसापासून मंद जळू लागतो. बोल्ट सोडवून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासणे आणि कडी पुन्हा कसल्यावर वरून ग्रीसचा हात फिरवणे, एवढाच त्याचा उपाय.

मागच्या दिव्यांत हाच दोष अधिक फसवा रूप घेतो. अनेक मोटारींत मागचा लाल दिवा दोन तारांचा असतो: पार्किंगसाठी ५ वॅटची तार आणि ब्रेकसाठी २१ वॅटची. शेजारीच इंडिकेटरचा बल्ब. या सर्वांची परतीची वायर एकच. ती निसटली, की वीज थांबून राहत नाही, आडवाटा शोधते. पार्किंगच्या तारेतून आलेली वीज ब्रेकच्या तारेत उलटी शिरते, तेथून मोटारीच्या दुसऱ्या बाजूच्या ब्रेक दिव्यातून जाऊन तिकडची अर्थ गाठते. दिवा मंद का होईना, जळत राहतो आणि मालकाला वाटते, बल्ब जुना झाला.

अशा स्थितीत रात्री दिवे लावून जाताना चालक ब्रेक दाबतो, तेव्हा काय होते? आता पार्किंगची तार आणि ब्रेकची तार या दोहोंवर बॅटरीचा सारखाच दाब येतो. दोन्हीकडून सारखाच दाब आल्यावर प्रवाह वाहायला जागा उरत नाही आणि मंद जळणारा तो दिवा चक्क विझतो. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला ब्रेकचा लाल उजेड वाढलेला दिसायला हवा. त्याऐवजी होता तो दिवाही नाहीसा होतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या वेगात वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. एका खराब अर्थमुळे मागच्या चालकाचा एखादा सेकंद गोंधळात गेला, तर त्याची किंमत एवढी आहे.

या दोषाच्या काही खुणा चालकाला घरबसल्या ओळखता येतात. दिवे बंद असताना ब्रेक दाबला आणि डॅशबोर्डची प्रकाशयोजना अंधुक उजळली. इंडिकेटरच्या तालावर पार्किंगचा दिवाही फडफडू लागला. डावा इंडिकेटर दिल्यावर तिसराच दिवा लुकलुकला. अशी एकमेकांत मिसळलेली लक्षणे दिसली, तर बल्ब विकत घेण्याआधी अर्थ पाहावी. नुसता इंडिकेटर नेहमीपेक्षा जलद लुकलुकू लागला, तर मात्र त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. इंडिकेटरची नेहमीची गती मिनिटाला ६० ते १२० वेळा असते, आणि बल्ब गेल्याचे चालकाला कळावे म्हणूनच ती वाढते.

इंजिन रबराच्या गादीवर बसवलेले असल्याने त्यालाही बॉडीशी जोडणारी स्वतंत्र पट्टी लागते. ती तुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या धातूतून वाट काढतो. क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल अकारण तापून जड चालू लागल्याची तक्रार घेऊन जुन्या मोटारी गॅरेजमध्ये येत. मेकॅनिक केबल बदलून देई, नवी केबलही पुन्हा तापे. जाणता इलेक्ट्रिशियन आधी त्या पट्टीकडे पाहत असे.

पाऊस, खारा वारा आणि उंदीर

वायरिंगचा खरा शत्रू म्हणजे ओल. वायरीतले तांबे एकसंध नसते, बारीक केसांसारख्या तारांची ती वेणी असते. टोकाशी पाणी लागले, की वात तेल शोषते त्याप्रमाणे ही वेणी आवरणाच्या आत पाणी ओढून घेते. बाहेरून वायर ठणठणीत दिसते. आत तांबे काळे किंवा हिरवे पडत जाते. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर हवेतल्या मिठामुळे हे काम अधिक वेगाने होते. अशी वायर जोडण्यापूर्वी तिचे आवरण मागे सोलत जाऊन आत लखलखीत तांबे दिसेपर्यंत कापावी लागते. काही वेळा वीतभर कापूनही ते दिसत नाही. तेव्हा तेवढा तुकडा बदलण्याखेरीज गत्यंतर नसते. जोडही नुसती मुरड मारून चालत नाही. बॉनेटखालच्या उष्णतेत काळ्या टेपचा डिंक पाझरतो आणि दोन उन्हाळ्यांत टेप सुटून लोंबू लागते. योग्य मापाचा लग दाबून बसवणे किंवा डाग देणे आणि त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवणे, ही पद्धत थोडी महाग पडते. पण ती टिकते.

बॅटरीच्या टोकांवर जमणारी पांढरी-हिरवी भुकटी हा याच कुळातला, पण सोपा दोष. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुता येते. टोके कोरडी झाल्यावर कसून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. काढताना निगेटिव्ह टोक आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. क्रम उलटा केला आणि पॉझिटिव्ह टोक सोडवताना हातातला पाना चुकून पत्र्याला टेकला, तर केवळ ठिणगी उडून भागत नाही. हाताला गंभीर इजा होऊ शकते.

उंदरांचे प्रकरण शहरवासीयांना ठाऊकच आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते आणि संध्याकाळी कार्यालयातून परतलेल्या मोटारीचे इंजिन रात्री उशिरापर्यंत कोमट राहते. उंदरांना याहून चांगला आसरा मिळत नाही. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने काहीतरी कुरतडत राहणे ही त्यांची गरजच असते. वायरीची भूक त्यांना नसते. ती समोर असते, एवढेच. सकाळी मोटार सुरूच झाली नाही तर निदान दोष कळतो. खरा धोका आहे तो आवरण कुरतडून तांबे उघडे पडले आणि मोटार नेहमीप्रमाणे चालत राहिली तर. एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने ते तांबे पत्र्याला टेकते आणि पुढचे सारे फ्यूजच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहते.

फ्यूज कोणाचा राखणदार?

फ्यूज दिव्याचे किंवा हॉर्नचे रक्षण करतो, असे अनेकांना वाटते. फ्यूज वायरीचे रक्षण करतो. वायर जेवढा प्रवाह न तापता वाहू शकेल, त्याच्या आतच वितळण्यासाठी त्याची निवड केलेली असते. स्टार्टर फिरवण्याकरिता बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते. उघडी वायर पत्र्याला टेकली, तर हीच शक्ती त्या बारीक तांब्यातून वाहू पाहते. फ्यूज वेळेवर वितळला, तर दिवा जातो. न वितळला, तर वायर लाल होते, तिचे आवरण पेटते आणि ते शेजारच्या वायरींना पेटवते.

सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळून ‘काम चालवणे’ ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे. तिची सुधारित आवृत्ती म्हणजे १० अँपिअरचा लाल फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून त्या खाचेत ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज दाबणे. दोन्हींचा आकार सारखाच, त्यामुळे तो बसतोही चपखल. पण पुन्हा पुन्हा जाणारा फ्यूज हा तक्रार करणारा साक्षीदार आहे. त्याचे तोंड बंद केल्याने तक्रार मिटत नाही. निळा फ्यूज १५ अँपिअरचा आणि पिवळा २० चा. झाकणावर जो आकडा छापलेला असेल, तोच बसवावा.

मोटार घेतल्यावर बाहेरून बसवलेल्या वस्तू या संदर्भात विशेष संशयास्पद ठरतात. म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा, जादा फॉग लॅम्प, शोभेच्या दिव्यांच्या माळा यांसाठी मूळ वायर मध्येच सोलून तिला दुसरी गुंडाळली जाते. मूळ वायर जेवढ्या प्रवाहासाठी आखलेली असते, त्यावर हा भार वाढतो. कित्येकदा नवी वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून घेतली जाते आणि पत्र्याच्या धारदार भोकातून रबरी बुचाविना आत ओढली जाते. रोजच्या थरथरीने पत्रा हळूहळू तिचे आवरण कापत राहतो. कारागिराचे अर्ध्या तासाचे काम आणि ते बाहेर येऊन पाहायला लागणारी वर्षे, असा हा व्यवहार आहे. जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर मोटार कडेला घेऊन इंजिन बंद करून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. धूर दिसत असताना बॉनेट पूर्ण उघडू नये. आत धुमसणाऱ्या आगीला हवा मिळते.

मोजल्याशिवाय निदान नाही

या सगळ्यात सुखाची बाब म्हणजे दोष शोधणे अवघड नाही. त्यासाठी काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. कारागीर टाळाटाळ करतात ते उपकरणासाठी नव्हे. मोजण्यापेक्षा बदलण्यात वेळ कमी जातो, म्हणून.

मोजण्याची एक चूक मात्र सर्रास होते. बल्ब काढून कपलरच्या टोकांना मीटर लावला जातो, तो १२.६ व्होल्ट दाखवतो आणि ‘सप्लाय बरोबर आहे’ असा निर्वाळा मिळतो. हा आकडा फसवा आहे. मीटर जवळजवळ शून्य प्रवाह घेतो. वेणीतली एकच तार शाबूत असली, तरी एवढ्या प्रवाहासाठी ती पुरेशी असते, आणि जोडावर घट होण्याचे कारणच उरत नाही. नळ बंद असताना पाइपातला दाब मोजावा, तसे हे आहे. पाइप किती तुंबला आहे, ते नळ सोडल्यावरच कळते. म्हणून बल्ब जागेवर आणि दिवा पेटलेला असतानाच मोजावे.

रीत अशी. मीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर आणि दुसरी बल्बच्या कपलरमध्ये मागून पॉझिटिव्ह टोकाला लावावी. दिसणारा आकडा म्हणजे जाण्याच्या वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत तो सोसता येतो. त्यापुढे गेल्यास वाटेतला एकेक टप्पा, म्हणजे फ्यूज, रिले, स्विच आणि कपलर, याच पद्धतीने तपासत जावा. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी बल्बच्या अर्थ टोकावर धरावी. येथे ०.२ व्होल्टहून अधिक आले, की अर्थ खराब. दोन्ही मोजण्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि एकही वस्तू विकत घेण्याआधी दोष कोणत्या बाजूला आहे, ते कळून चुकते.

मीटर हाती घेण्यापूर्वी डोळ्यांनीही बरेच उमजते. एकच दिवा मंद असेल, तर दोष त्या बाजूच्या अर्थमध्ये किंवा कपलरमध्ये असतो. दोन्ही सारखेच मंद असतील, तर स्विच, फ्यूज किंवा रिले यांसारख्या सामाईक वाटेत. सिग्नलला उभे असताना दिवे मिणमिणतात आणि इंजिनाची गती वाढवताच उजळतात, असे असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा सैल पट्टा पाहावा. याउलट बल्ब नेहमीच लवकर उडत असतील, तर व्होल्ट कमी नसून जास्त असण्याची शक्यता आहे. विद्युतदाब केवळ पाच टक्के वाढला, तरी तारेच्या बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. बॅटरीवर १५ व्होल्टहून अधिक दाब येत असेल, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बदलायला झालेला असतो. अर्थात, हॅलोजन बल्बची काच उघड्या बोटांनी हाताळल्यानेही तो लवकर जातो. बोटांचे मीठ आणि तेल काचेवर राहते आणि तेवढाच भाग अवाजवी तापतो.

सकाळी बॅटरी उतरलेली मिळणे, हाही अनेकदा दिव्याचाच प्रताप असतो. डिकीचे झाकण नीट न बसल्याने आतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खर्ची पडतात. छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अशाने दोन-तीन दिवसांत हात टेकते, आणि गावाहून परतलेला मालक नवी बॅटरी घेऊन मोकळा होतो.

नव्या मोटारी, नवे प्रश्न

गेल्या दोन दशकांत मोटारीचे वायरिंग पुष्कळ बदलले. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली ‘कॅन’ ही संदेशवहनाची पद्धत आता साध्या मोटारींतही असते. चालकाने दिव्याचे बटण दाबले, की संगणकाला संदेश जातो आणि संगणक दिवा लावतो. तो दिव्याचा प्रवाह सतत तपासतही असतो. म्हणूनच हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसवला, की डॅशबोर्डवर दिवा गेल्याची सूचना झळकते किंवा इंडिकेटर वेगाने लुकलुकू लागतो. एलईडी फारच कमी प्रवाह घेतो, आणि यंत्रणेला वाटते बल्ब उडाला. शिवाय हॅलोजनचा परावर्तक त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. तेथे वेगळ्या घडणीचा प्रकाशस्रोत आला, की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत अधिक जातो. मूळ रचनेतच एलईडी असलेल्या दिव्याची गोष्ट निराळी. त्याचा परावर्तक त्याच्याचसाठी घडवलेला असतो.

अशा मोटारींत टेस्ट लॅम्पची टोकदार सुई दिसेल त्या वायरीत खुपसण्याची जुनी सवय महागात पडते. संदेशाच्या वायरीवर बल्बचा भार पडला, तर संगणकाचा भाग निकामी होऊ शकतो. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना हातच लावू नये. विजेवरील मोटारींतल्या नारिंगी वायरींत प्राणघातक उच्च दाब असतो. मात्र त्या मोटारींतही दिवे, हॉर्न आणि वायपर यांच्यासाठी सहसा वेगळी १२ व्होल्टची बॅटरीच असते. संगणक कितीही हुशार झाला, तरी दिव्याची अर्थ अखेर पत्र्यावरच्या एका बोल्टखाली येऊन मिळते आणि त्या बोल्टला पाऊस लागतोच.

मागचे दिवे तपासायला दुसऱ्या माणसाची गरज लागते, ही सबब नेहमी सांगितली जाते. सोसायटीच्या वाहनतळात रात्री मोटारीची पाठ भिंतीकडे करून उभे राहिले, तर तीही उरत नाही. पार्किंगचे दिवे लावून आरशात पाहावे. भिंतीवर दोन सारखे लाल ठसे दिसतील. ब्रेक दाबल्यावर दोन्ही ठसे एकाच वेळी, सारखेच ठळक व्हायला हवेत. एखादा जागच्या जागी मंद राहिला किंवा ब्रेक दाबताच विझला, तर त्या बाजूचा दिवा उघडून काळ्या किंवा तपकिरी वायरीचे टोक कोठे कसले आहे, ते आधी पाहावे.